उंची पाट्याची, कोन शाफ्टचा

मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आणि ॲक्सल यांच्यामध्ये चार इंचांचा लोखंडी ठोकळा बसवला की पिकअपचा मागचा भाग चार इंचांनी वर जातो. त्याच वेळी गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आधीपेक्षा जास्त उतरता होतो. पहिला बदल रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतो. दुसरा गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही. गाडी उचलण्याच्या कामात पैसा आणि हौस पहिल्या बदलावर खर्च होते, आणि ती गाडी पुढे किती वर्षे धड चालणार हे बरेचसे दुसऱ्यावर ठरते. मागच्या सस्पेन्शनची उंची हा म्हणूनच सुटा विषय नाही. उंची आणि शाफ्टचा कोन ही एकाच कामाची दोन मापे आहेत. कोन मोजला नसेल तर काम अर्धेच झाले आहे.

उंची वाढवण्याचा प्रत्येक मार्ग मात्र कोन बिघडवत नाही. मोठे टायर बसवले तर ॲक्सल आणि चेसिस दोन्ही सारखेच वर जातात. त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी उचलली, तरी शाफ्टला त्याचा पत्ता लागत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स चेसिसलाच धरलेले असतात. कोन बदलतो तो चेसिस आणि ॲक्सल एकमेकांपासून दूर गेल्यावर, म्हणजे सस्पेन्शनची उंची वाढल्यावर.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुना सांधा आहे. दोन चिमटे आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखा एक क्रॉस, एवढीच त्याची रचना. सोळाव्या शतकातले इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो यांचे नाव युरोपात अजून त्याला चिकटून आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात तो खगोलाच्या उपकरणांसाठी वापरला, म्हणून पाठ्यपुस्तकांत तो हूकचा सांधाही म्हटला जातो. मोटारीच्या उपयोगाचा बंदिस्त, वंगण टिकवणारा युनिव्हर्सल जॉइंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी तयार केला आणि १९०३ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यांची कंपनी पुढे डाना या नावाने ओळखली जाऊ लागली. जीपचे ॲक्सल आणि शाफ्ट यांच्यावर स्पायसर आणि डाना ही नावे पुन्हा पुन्हा दिसतात ती त्यामुळेच.

हा सांधा वाकून फिरतो, पण सारख्या गतीने फिरत नाही. एक बाजू अगदी एकसारख्या वेगाने फिरत असली, तरी कोनात असलेली दुसरी बाजू प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन ३ अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना जेमतेम ०.१४ टक्के असतो. ५ अंशांना तो सुमारे ०.४ टक्के होतो, १० अंशांना दीड टक्का, आणि २० अंशांना जवळजवळ ६ टक्के. कोन दुप्पट झाला की धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. गाडी दोन इंच उचलणारा समाधानी असतो आणि चार इंच उचलणारा हैराण होतो, त्याचे कारण या चौपटीत आहे.

यावर उपाय सांध्यातच दडलेला आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना असा एकेक सांधा असतो. पुढच्याने जी गती पुढे-मागे केली, ती मागच्याने तितकीच उलटी करून दिली, तर डिफरन्शियलमध्ये गती घेऊन जाणाऱ्या दांड्यापर्यंत, म्हणजे पिनियनपर्यंत, पुन्हा एकसारखी गती पोहोचते. त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा आणि पिनियनचा दांडा एकमेकांना समांतर हवेत. आणि शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे एकाच पातळीत हवेत. दुसरी अट फार सहज मोडते. शाफ्ट मध्ये सरकत्या दातऱ्यांवर जोडलेला असतो. क्रॉस बदलायला तो सोडला आणि जोडताना दोन-चार दाते इकडेतिकडे झाले की दोन्ही सांध्यांचा ताळमेळ सुटतो. जाणता मिस्त्री शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने किंवा रंगाने एक सरळ खूण करतो. उचललेल्या गाडीचा शाफ्ट एरवीपेक्षा जास्त वेळा खाली उतरतो, तेव्हा तिच्या बाबतीत ही खूण हवीच.

ताळमेळ चुकला तर जी थरथर येते तिचे मूळ शोधता येते. समजा गाडीला ३१ इंच व्यासाचे टायर आहेत आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.१ आहे. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४०५ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पावणेसात. शाफ्ट त्याच्या ४.१ पट फिरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ फेरे. चाकाचा तोल गेला असेल तर हादरा सेकंदाला सहा-सात वेळा येतो. तो स्टिअरिंगला किंवा सीटला एकेक करून जाणवतो. शाफ्टचा तोल गेला असेल तर २८ वेळा येतो. कोन चुकला असेल तर फेरीमागे दोन, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ ठोके पडतात. ते मोजता येत नाहीत. गाडीच्या तळातून, तळपायांना घरघर जाणवते. गाडी उचलल्यावर ही घरघर सुरू झाली म्हणून टायरचा तोल पुन्हा पुन्हा करून घेणारे पुष्कळ असतात. त्यांचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो.

दोन्ही कोन सारखे केले म्हणजे सगळे संपले असेही नाही. पिनियनला गती सरळ मिळाली, तरी मधला शाफ्ट स्वतः पुढे-मागे झटके खातच फिरत असतो, आणि त्याचे स्वतःचे वजन कमी नसते. कोन मोठा असेल तर हे झटके क्रॉसच्या सुयांसारख्या बारीक रोलरना सोसावे लागतात. शाफ्ट बनवणाऱ्यांचे तक्ते म्हणून वेगानुसार मर्यादा घालतात. मिनिटाला ५,००० फेरे असतील तर कोन साधारण सव्वातीन अंशांच्या आत हवा, ३,००० फेऱ्यांना सहा अंशांच्या थोडा आत, आणि १,५०० फेऱ्यांना साडेअकरापर्यंत चालतो. डोंगरात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला जो कोन सहज झेपतो, तोच महामार्गावर तिचा क्रॉस खातो. गाडी बहुतांश वेळ कुठे चालणार, हा प्रश्न उंची ठरवण्याच्या आधी विचारायला हवा.

कोन अगदी शून्य करणेही बरे नाही. साधा सांधा सरळ रेषेत फिरत राहिला तर रोलर आपल्या जागेवरून हलतच नाहीत. अर्धा ते एक अंश कोन त्यांना लागतो, म्हणजे ते थोडे थोडे लोळतात आणि ग्रीस सगळीकडे पोहोचते. असा बसून राहिलेला क्रॉस बाहेर काढला की त्याच्या गुळगुळीत दांड्यावर, बाजूबाजूला, रोलरइतक्याच लांबीचे खाचांचे ओरखडे दिसतात. बोटाने स्पर्श केला तर कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखे लागते. जास्त कोनाने आणि कोरड्या ग्रीसने मेलेल्या क्रॉसची खूण वेगळी असते: टोपीच्या कडेला तांबूस, गंजाच्या पुडीसारखी धूळ बसते. गाडी रिव्हर्समधून पुढे घेताना येणारा ‘टक्’ आवाज ही त्याच्या पुढची पायरी. धूळ दिसली तेव्हाच क्रॉस बदलला तर शाफ्ट वाचतो.

उंची सारखी वाढवली तरी कोन सगळ्या गाड्यांत सारखा वाढत नाही. इथे शाफ्टची लांबी निर्णायक ठरते. १०० मिलिमीटर उंची वाढवली तर दीड मीटर लांबीच्या शाफ्टचा उतार जेमतेम चार अंशांनी वाढतो; शाफ्ट ४५ सेंटिमीटरचा असेल तर साडेबारा अंशांनी. अमेरिकेतली लांब पिकअप चार इंच उचलूनही शांत राहू शकते आणि छोटी जीप तेवढ्यात ओरडायला लागते, ते यामुळे. जीपची जातच आखूड आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा व्हीलबेस ८० इंचांचा होता. त्यातून इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वजा केले की मागच्या शाफ्टला फारशी जागा उरत नाही. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या गॅरेजांनी याच आखूड घराण्याच्या गाड्या हाताळल्या. २०१० ते २०२० या काळातल्या थारलाही मागे पाटेच होते. २०२० च्या नव्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आल्या. अशा जुन्या जीपला पिकअपवरून घेतलेला उंचीचा आकडा लावणे ही उघड चूक आहे, तरी ती सर्रास होते.

मागची उंची वाढवण्याच्या पद्धती चार-पाच आहेत. ठोकळा ही सर्वांत स्वस्त पद्धत, आणि तीत धोकाही आहे. पाट्याने धरलेल्या ॲक्सलला चाकांचा जोर उलटे पिळत असतो. ठोकळा जितका उंच, तितका या पिळाला जास्त लांबीचा दांडा मिळतो. जोर दिल्यावर पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकतो, पिनियनचे नाक वर उचलले जाते, पाटा उलटा झटका देतो आणि मागची चाके जागच्या जागी उड्या मारतात. एकावर एक दोन ठोकळे रचणे तर कधीच करू नये. त्यांना धरून ठेवायला यू बोल्टच्या ताणाखेरीज काही नसते. पुढच्या, वळणाऱ्या ॲक्सलला ठोकळा अजिबात चालत नाही. पाट्यात जादा पान घालणे हा त्याहून बरा मार्ग आहे, पण गाडी कडक होते. पाट्याचे मागचे टोक चेसिसला धरणारा शॅकल लांब केला तर दोन इंच जादा लांबीतून साधारण एकच इंच उंची मिळते. शिवाय पाट्याचे मागचे टोक खाली जाते आणि पिनियनचे नाक आपोआप वर वळते. कधी हा बदल उपयोगी पडतो, कधी नको तेवढा होतो. पूर्ण नवा, जास्त कमानीचा पाटा हा सर्वांत महाग आणि सर्वांत प्रामाणिक उपाय. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर खर्च तिथेच करावा.

कोन मोजण्याचे काम साधे आहे, पण घाईचे नाही. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी हवी. चेसिसला जॅक किंवा घोडी लावून चाके लोंबकळत ठेवली तर मोजलेला प्रत्येक आकडा खोटा ठरतो, कारण ॲक्सल खाली लोंबतो आणि कोन वाढून दिसतो. नव्या पाट्यांवर थोडे दिवस गाडी चालवून मगच मोजावे. पाटे बसतात, उंची थोडी उतरते. रोजचा बोजा असेल तर तोही ठेवावा. मग तीन मापे घ्यायची: गिअरबॉक्सच्या, किंवा चारचाकी ओढीच्या गाडीत ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा कल, शाफ्टच्या नळीचा कल आणि पिनियनच्या फ्लँजचा कल. चुंबकाने चिकटणारे कोनमापक असेल तर काम सोपे होते, पण ते ठेवण्याआधी फ्लँजवरचा मळ आणि रंगाचा पापुद्रा खरवडून काढावा लागतो. पापुद्र्याखाली अडकलेला एक खडा अर्धा अंश खोटा दाखवू शकतो. शाफ्ट वरून पाहिल्यावर बाजूलाही तिरका असेल तर तो कोनही हिशेबात धरावा. उभा ४ अंश आणि आडवा ३ अंश असेल तर सांध्याला प्रत्यक्षात ५ अंश सोसावे लागतात.

एक उदाहरण असे. गिअरबॉक्सचा दांडा मागे ४ अंश खाली कललेला आहे, शाफ्ट ९ अंश उतरतो आणि पिनियनचे नाक १ अंश वर आहे. पुढच्या सांध्याचा कोन ९ वजा ४, म्हणजे ५. मागच्याचा ९ वजा १, म्हणजे ८. तीन अंशांची तफावत आहे, तेव्हा ही गाडी घरघरणारच. हिशेब म्हणतो की पिनियन ३ अंश वर करा. तरी पाट्यांच्या गाडीत पूर्ण ३ अंश करत नाहीत, कारण जोर दिल्यावर नाक आपणहून एक-दोन अंश वर येते. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये २ अंशांची पाचर घातली की नाक ३ अंशांवर येते. पिनियनचा फ्लँज ॲक्सलच्या पुढे साधारण फूटभर असतो, त्यामुळे तोही एखादा सेंटिमीटर उचलला जातो, आणि सव्वा मीटरच्या शाफ्टचा उतार अर्ध्या अंशाने कमी होतो: साडेआठ. आता पुढचा सांधा साडेचार, मागचा साडेपाच. उभ्या गाडीत एक अंशाचा फरक उरतो. गाडी ओढायला लागली की तोही मिटतो. दोन सांध्यांत एक अंशापेक्षा जास्त फरक राहू नये ही मर्यादाही पाळली जाते. ताशी १०० किलोमीटरला याच गाडीचा शाफ्ट मिनिटाला २,८०० च्या आसपास फिरतो, आणि साडेपाच अंश तिथेही मर्यादेच्या आत बसतात. पाचर घालून झाल्यावर सगळे पुन्हा मोजावे लागते, ते उतार असा सरकतो म्हणूनच.

पाचर कोणत्या बाजूने घालायची हे पाटा कुठे आहे त्यावर ठरते, आणि इथे पुष्कळ कामे उलटी होतात. पिकअपला पाटा ॲक्सलच्या वर असतो; तिथे पिनियनचे नाक वर करायचे तर पाचरीचा जाड भाग मागे. विलीजसारख्या जुन्या जीपला पाटा ॲक्सलच्या खाली असतो. तिथे जाड भाग पुढे. बाजारात मिळणारे काही ठोकळे मुळातच तिरके असतात आणि तेही उलटे बसू शकतात. पाचर पोलादी घ्यावी, ॲल्युमिनियमची चिरडते. सेंटर बोल्टचे डोके ठोकळ्याच्या खाचेत पूर्ण उतरायला हवे, आणि यू बोल्ट नवेच घ्यावेत. एकदा ताणलेले परत वापरणे ही काटकसर नव्हे.

आखूड गाडीत पाचरीने भागत नाही. पिनियन वर केले की समांतरपणा साधतो, पण दोन्ही कोन मोठेच राहतात. अशा वेळी शाफ्टच्या वरच्या टोकाला दोन क्रॉस शेजारीशेजारी असलेला दुहेरी सांधा बसवतात. तो स्वतःची गडबड स्वतःच मिटवतो. मग समांतरपणाचा नियम बदलतो: पिनियनने सरळ शाफ्टच्या रेषेकडे पाहायचे, पाटे असतील तर एक-दोन अंश खाली. हा फरक न जाणता साध्या शाफ्टच्या गाडीत पिनियन थेट ट्रान्सफर केसकडे वळवून ठेवणारे आहेत. तसे केल्याने थरथर कमी होत नाही, वाढते. अमेरिकेतल्या १९९७ ते २००६ च्या रँग्लर जीपवर हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे. तिच्या ट्रान्सफर केसमधून बाहेर येणारा लांब सरकता दांडा काढून आखूड, पक्का फ्लँज बसवतात, म्हणजे शाफ्टला लांबी मिळते आणि कोन घटतो. ट्रान्सफर केसच खाली उतरवणे हा स्वस्त पर्याय आहे, पण जी उंची विकत घेतली तिचा काही भाग त्यात जमिनीला परत दिला जातो. टोयोटाच्या टॅकोमा किंवा हायलक्ससारख्या पिकअपना दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये सेंटर बेअरिंग असते. तिथे उचललेली गाडी जागेवरून निघताना थरथरते आणि बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली काही मिलिमीटरचे तुकडे घालून ते खाली आणल्यावर पुष्कळदा शांत होते.

पिनियन जास्त वर वळवले तर डिफरन्शियलमधले तेल मागे जाते आणि पुढचे पिनियन बेअरिंग कोरडे पडू शकते. तेलाची पातळी त्याप्रमाणे थोडी वाढवावी लागते. ॲक्सल दूर गेल्याने शाफ्टच्या सरकत्या दातऱ्या बाहेर येतात. त्या पुरेशा आत राहतात का ते ॲक्सल पूर्ण लोंबकळवून पाहावे, आणि त्याच स्थितीत शाफ्ट हाताने फिरवून चिमटे एकमेकांना अडत नाहीत ना हेही. ब्रेकचा रबरी होज ताणला जात असेल तर तो लांब घ्यावा. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब बोजाप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची कांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. ती कांडी नव्या उंचीला जुळवून घेणे हे शाफ्टच्या कोनाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि त्याहून जास्त वेळा विसरले जाते. हेडलाइटचा झोतही बदललेला असतो; समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून तो पुन्हा लावावा.

भारतात या कामाला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केले. काम हाती घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. तिथून हरकत नसेल तरी जेवढ्या उंचीने काम भागते तेवढीच घ्यावी; अर्धा-एक इंच कमी घेतल्याने शाफ्ट, पाटे आणि ब्रेक या तिघांचे आयुष्य वाढते. यू बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, आणि पाटे बसल्यावर तीनही कल परत मोजून लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे क्रॉस बदलताना ते आकडे हाताशी असतात.